एका नोंदीने सरकलेला दुवा: मोडी वहीच्या डिजिटल आवृत्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. गावाचं, वाचनालयाचं आणि घराण्याचं नाव इथे देत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, पण प्रकरणाचा गाभा तोच ठेवला आहे.

या वाचनालयाकडे एका खोत घराण्याने आपलं दप्तर सोपवलं. खोती 1949 च्या कायद्याने संपली, पण त्या काळच्या वह्या कोकणात कितीतरी घरांच्या माळ्यांवर अजून पडून आहेत. त्यांना वाळवी लागते, पावसाळ्यात बुरशी धरते, आणि घर पाडून नवं बांधायची वेळ आली की गठ्ठेच्या गठ्ठे परड्यात जाळले जातात. हे दप्तर वाचलं ते घरातल्या थोरल्या सुनेमुळे. तिने ते टेम्पोत घालून स्वतः वाचनालयात आणून दिलं.

त्यातली एक जाड वही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची, सगळी मोडीत. वसुलाचे आकडे, भाताची मोजणी, गलबतातून मुंबईला पाठवलेल्या नारळ-सुपारीचा हिशेब, चिऱ्यांची मजुरी. देवस्थानाचा खर्च मात्र कारकुनाने वहीच्या शेवटी वेगळा काढलेला, वर्षावर्षाचा: शिमगा, पालखी, गुरवाला दिलेलं, मानाचे नारळ. गावाच्या इतिहासात रस असणाऱ्या कुणालाही ही वही सोन्यासारखी वाटेल, आणि ती आहेच तशी.

वाचनालयाने पानांचे फोटो काढले. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ती देवनागरीत उतरवायला घेतली. त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात. दोन मुलींनी टंकलेखन केलं. मूळचा याच गावचा, पुण्यात नोकरी करणारा एक इंजिनीअर मदतीला आला आणि त्याने सगळा मजकूर टीईआय पद्धतीने खुणा घालून एक्सएमएलमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग खुणांच्या वेष्टनात ठेवणाऱ्या फाइलीत, बसवला. टीईआय, म्हणजे टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, हा ग्रंथ आणि हस्तलिखितं संगणकावर कशी चिन्हांकित करायची याचा आंतरराष्ट्रीय पायंडा. त्याची सुरुवात 1987 ची आणि आज वापरात असलेली पाचवी आवृत्ती 2007 पासूनची. पान कुठे सुरू होतं, ओळ कुठे मोडते, मिती कोणती, माणसाचं नाव कोणतं, कुठलं अक्षर फाटलंय आणि कुठलं संपादकाने अंदाजाने घातलंय, हे सगळं त्यात खुणेने सांगता येतं. एवढ्या लहान गावातल्या वाचनालयाने टाकाऊ पीडीएफवर न भागवता हा रस्ता धरला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

वही संकेतस्थळावर आली. प्रत्येक नोंदीशेजारी एक छोटं बटण होतं. ते दाबलं की त्या नोंदीचा दुवा मिळायचा. हा दुवा संगणकाचा प्रोग्रॅम आपोआप बनवायचा आणि तो मोजणीवर चालायचा: अमुक विभागातला सातवा परिच्छेद. कुणाला हाताने काही करावं लागत नव्हतं. एक्सएमएलच्या झाडात, म्हणजे एकात एक बसवलेल्या खुणांच्या रचनेत, वाट दाखवण्यासाठी 1999 पासून एक्सपाथ नावाची भाषा आहे आणि अशी मोजून वाट सांगणं हा तिचा अगदी साधा उपयोग. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं.

अडचण

शिमगा जवळ आला की पालखीच्या मानाची बोलणी सुरू होतात. शेजारच्या एका गावात दोन वाड्या आहेत. त्यांना वरची आणि खालची म्हणू. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून उठून घरोघर जाते, ती आधी कुठल्या वाडीत न्यायची यावरून तिथे जुनी कुरबुर. वरच्या वाडीतल्या एका तरुणाने वहीत एक नोंद शोधली. पालखी आधी वरच्या वाडीत गेली आणि तिथल्या मानकऱ्याला नारळ दिले, असा त्या साली खर्च पडलेला. त्याने दुवा गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि गावकीच्या बैठकीसाठी केलेल्या अर्जातही छापला.

काही आठवड्यांनी खालच्या वाडीतल्या लोकांनी अर्जावरचा तोच दुवा उघडला. त्यांना जी नोंद दिसली तीत पालखी आधी खालच्या वाडीत गेली होती.

दोन्ही बाजू खरं बोलत होत्या. वरच्या वाडीकडे पहिल्या दिवशी काढलेला स्क्रीनशॉट होता आणि खालच्या वाडीच्या हातात उघडा फोन. एकांनी म्हटलं, फोटो बनवलेला आहे. दुसऱ्यांनी म्हटलं, वाचनालयाने नोंद फिरवली. शेवटी पाचसहा जण वाचनालयात आले. “मॅडम, परवा इथे दुसरंच लिहिलेलं होतं. तुम्ही बदललंत काय?” असा थेट प्रश्न ग्रंथपाल बाईंना आला. बाई म्हणाल्या की कुणीही बदललं नाही. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. त्या नोंदीतल्या एका अक्षरालाही कुणी हात लावला नव्हता.

झालं होतं ते असं. सरांनी देवस्थानखर्चाचा विभाग पुन्हा तपासताना तिसऱ्या नोंदीत एक गोष्ट हेरली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पूर्णविराम नसतो, परिच्छेद नसतो. सगळं एका रेषेखाली सलग वाहतं. पहिल्या वाचनात ओळीच्या टोकाशी असलेली मिती आणि शकाचा आकडा मागच्या शब्दाला चिकटवून वाचला गेला होता. सरांनी तो सोडवला तेव्हा कळलं, ही एक नोंद नाही, दोन सालांच्या दोन नोंदी आहेत. त्यांनी त्या वेगळ्या केल्या. दुरुस्ती अगदी बरोबर होती. पण तिसऱ्याचे तिसरा आणि चौथा झाले, सहावा सातवा झाला, आणि ‘सातवा परिच्छेद’ या दुव्यावर आता त्याआधीच्या वर्षीचा शिमगा येऊन बसला.

त्याआधीच्या वर्षी पालखी खालच्या वाडीत आधी का गेली, याचं कारणही वहीत आहे: वरच्या वाडीतल्या मानकऱ्याच्या घरी सुतक होतं. पण ते वाक्य नोंदीच्या शेवटी, पुढच्या पानावर येतं. फोनच्या पडद्यावर कुणी तिथपर्यंत सरकत गेलं नाही.

मला या टप्प्यावर बोलावलं गेलं. सगळ्यांना वाटत होतं की दुवे ‘तुटतायत’. माझ्या मते अडचण त्याहून गंभीर होती. तुटलेला दुवा निदान सांगतो की इथे काही नाही. वाचणारा थांबतो, चौकशी करतो. हा दुवा न तुटता भलतीकडे नेत होता, आणि त्याच आत्मविश्वासाने.

पर्याय

बैठक वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली: सर, ग्रंथपाल बाई, टंकलेखन करणाऱ्या दोघी, मी, आणि फोनवर इंजिनीअर.

पहिला पर्याय काहीच न बदलण्याचा. तपासणी पूर्ण होईपर्यंत दुवे बंद ठेवायचे आणि मग मजकूर गोठवायचा. हे मला पटलं नाही. मोडी वाचन कधी ‘पूर्ण’ होत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळलेला नसतो, नावांची रूपं गावागावाला वेगळी. उद्या दुसरं कुणी जाणकार येईल आणि आजचं वाचन सुधारेल. सुधारणेलाच बंदी घालून दुवा टिकवायचा, तर वही ऑनलाइन ठेवण्यात अर्थ काय?

सरांचा आग्रह पान आणि ओळ यांचा होता. “कारकुनाने लिहिलं ते लिहिलं. पान बदलत नाही, ओळ बदलत नाही. इतिहासाचे अभ्यासक असाच हवाला देतात.” यात पुष्कळ तथ्य आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरीची ओवी अध्याय आणि क्रमांकाने सांगता येते, कारण ओवी हे एकक मजकुरातच आहे. आणि तरीही तुकोबांच्या अभंगाचा क्रमांक देताना कुठल्या प्रतीतला ते सांगावं लागतंच. हिशेबाच्या वहीत ओवी नाही, तेव्हा कागदाचा आधार घेणं साहजिक होतं. टीईआयमध्ये पान आणि ओळ यांच्या खुणा असतात त्या रिकाम्या, मैलाच्या दगडासारख्या. त्यामुळे एक नोंद दोन पानांवर पसरली तरी रचना बिघडत नाही. ‘47अ, ओळ 12’ असा हवाला दिला की त्याची एक्सपाथमध्ये उकल कशी करायची, हेही फाइलच्या शीर्षभागात एकदा लिहून ठेवता येतं.

इंजिनीअरने फोनवरून नेमकी नस पकडली. “सर, पण तुम्हीच म्हणालात ना, 38 नंतरचं पान उलटं शिवलंय?” ते खरं होतं. पानांचे आकडे मूळ वहीत नव्हते, वाचनालयाने पेन्सिलीने घातले होते. शिवण चुकलेली पानं योग्य क्रमाने लावली की आकडे बदलणार. शिवाय ओळ म्हणजे नोंद नव्हे. एका ओळीत एक नोंद संपून दुसरी सुरू होते. आणि घराण्याच्या दुसऱ्या शाखेकडे याच वहीची सुटी पानं असल्याचं नुकतंच कळलं होतं.

तिसरा पर्याय अक्षरं मोजण्याचा: नोंदीच्या सुरुवातीपासून अमुकाव्या वर्णापासून तमुकाव्या वर्णापर्यंत. टीईआयच्या मार्गदर्शिकेत यासाठी सोय आहे. मजकुरातला बिंदू मोजून सांगणं, दोन बिंदूंमधला पल्ला सांगणं, नमुना जुळवून शोधणं, सगळं त्यात दिलेलं आहे. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनेही एक्सपॉइंटरच्या रूपाने असं काही मांडलं होतं. मार्च 2003 मध्ये त्याचा सांगाडा आणि दोन साध्या पद्धती शिफारस म्हणून मंजूर झाल्या, पण मजकुराच्या पल्ल्यांवर बोट ठेवणारा महत्त्वाकांक्षी भाग मसुद्यावरच राहिला. आमच्या दृष्टीने त्याहून मोठी अडचण देवनागरीचीच होती, आणि ती टंकलेखन करणाऱ्या मुलींपैकी एकीने दाखवली.

तिने पडद्यावर ‘किनाऱ्यावर’ हा शब्द शोधला. वहीत तो अनेकदा येतो, पण शोधात निम्मेच सापडले. बाकीचे डोळ्यांना हुबेहूब तसेच दिसत होते. कारण असं की दोघींचे कीबोर्ड वेगळे. एकीच्या कीबोर्डवर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि पुढे हलन्त येत होता. दुसरीच्या कीबोर्डवर साधा ‘र’, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारा जोडक, ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, झेडडब्ल्यूजे म्हणतात. दोन्हींतून कोकणी वाऱ्याचा तोच आडवा ‘र’ उमटतो. पण संगणक काना, वेलांटी, हलन्त हेही वेगळे वर्ण धरतो, त्यामुळे पहिल्या पद्धतीत हा शब्द 10 वर्णांचा होतो आणि दुसऱ्या पद्धतीत 11. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची प्रक्रिया, चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. ते आपण स्वतः ठरवून बदलावे लागतात. म्हणजे उद्या आम्ही सगळ्या फाइली एकसारख्या केल्या, तर नोंदीत जितके ‘ऱ्या’ बदलले तितक्या घरांनी पुढची मोजणी सरकणार, आणि पडद्यावर काहीच बदललेलं दिसणार नाही. ते पाहिल्यावर अक्षरं मोजण्याचा विषय तिथेच संपला.

चौथा पर्याय मजकुराचंच अवतरण देण्याचा: दुव्यात हवे ते शब्द आणि त्यांच्या आगेमागेचे थोडे शब्द. 2017 साली डब्ल्यूथ्रीसीने मंजूर केलेल्या वेब अ‍ॅनोटेशनच्या आराखड्यात हीच कल्पना आहे, आणि क्रोम ब्राउझरने 2020 पासून पत्त्याच्या शेपटीला शब्द जोडून थेट त्या शब्दांवर नेण्याची सोय दिली आहे. याचा एक गुण मला मोलाचा वाटतो. शब्द बदलले तर असा दुवा सापडत नाही, चुकीच्या नोंदीवर जात नाही. पण आमच्या मजकुरात शब्द बदलणारच होते, आणि देवनागरी पत्त्यात गेली की एकेका वर्णाची नऊ-नऊ चिन्हं होतात. तो लांबलचक पत्ता छापील अर्जावरून पाहून टाइप करणं कुणालाही शक्य नाही.

पाचवा पर्याय प्रत्येक नोंदीला कायमची खूण देण्याचा. एक्सएमएलमध्ये त्यासाठी आयडी हा गुणधर्म आहे आणि 2005 पासून त्याचं स्वतंत्र मानकही आहे. एका फाइलमध्ये एक आयडी एकदाच. दुसऱ्यांदा आला तर तपासणीत लगेच पकडला जातो. कोकणात कलमांच्या बागेत प्रत्येक झाडाला नाव असतं. ‘डावीकडून चौथं’ असं कुणी म्हणत नाही, कारण वादळात एक पडलं की चौथं भलतंच होतं. आम्ही नोंदींना नावं द्यायची ठरवली.

निर्णय

आयडी द्यायचा हे ठरायला वेळ लागला नाही. त्यात काय लिहायचं, यावर मात्र बराच वाद झाला.

सरांना आयडीत पान आणि नोंद क्रमांक हवा होता, म्हणजे पाहताक्षणी कळेल. ही इच्छा समजण्यासारखी आहे, पण मी विरोध केला. आयडीत पानाचा आकडा घातला आणि उद्या पान हललं, तर दोनच वाटा उरतात: आयडी बदलायचा, म्हणजे दुवे मोडायचे, किंवा तो तसाच ठेवायचा, म्हणजे तो खोटं सांगणार. खुणेत अर्थ भरला की अर्थ बदलल्यावर खूण अडचणीत येते. शेवटी ठरलं की आयडी निव्वळ अनुक्रमांक असेल, इंग्रजी अक्षराने सुरू होणारा, कारण आकड्याने सुरू होणारा आयडी एक्सएमएल नाकारतं. पान आणि ओळ नोंदीच्या डोक्यावर ठळक छापायची, माणसांसाठी. सर म्हणाले, “म्हणजे यंत्राचं यंत्राला, माणसाचं माणसाला. चालेल.” त्यांचा आग्रह अर्ध्यावर आला, पण पान-ओळीचा हवाला पडद्यावर कायम राहिला तो त्यांच्यामुळेच, आणि तो राहायलाच हवा होता.

आयडी देवनागरीत असावा, असंही एकीने सुचवलं. एक्सएमएलचे नियम त्याला आड येत नाहीत आणि मलाही ते आवडलं असतं. पत्ता नऊपट फुगण्याच्या कारणाने ते बाजूला ठेवलं. या निर्णयाची मला अजून थोडी खंत आहे.

खरा कस लागला तो पुढच्या प्रश्नावर: नोंद दुभंगली तर आयडी कुणाला? प्रकरण यातूनच उद्भवलं होतं. पहिल्या तुकड्याला जुना आयडी आणि दुसऱ्याला नवा, ही सोपी वाट. पण जुना दुवा देणाऱ्याने कदाचित दुसऱ्या तुकड्याकडेच बोट दाखवलेलं असेल. बराच खल झाल्यावर नियम असा झाला. जुना आयडी दोन्ही तुकड्यांना कवेत घेणाऱ्या वेष्टनाकडे राहील आणि तुकड्यांना नवे आयडी मिळतील. जुना दुवा उघडला की दोन्ही तुकडे रंगवून दिसतील, वर एक ओळ: ‘ही नोंद पूर्वी एक समजली जात होती.’ जुना दुवा थोडं जास्त दाखवेल, पण दुसरं काही दाखवणार नाही. दोन नोंदी एकत्र झाल्या तर दोन्ही जुने आयडी त्या त्या जागी नांगर टाकून राहतील. टीईआयमध्ये त्यासाठी ‘अँकर’ नावाची रिकामी खूण आहे. आयडी काढून टाकायचा नाही, पुन्हा वापरायचा नाही.

एका प्रकारावर हा नियम पुरला नाही. कधी नोंदीची हद्दच सरकते: एकीचं शेपूट खरं तर पुढचीचं डोकं निघतं. जुनं आणि नवं वेष्टन एकमेकांत अर्धवट घुसतात आणि एक्सएमएलच्या झाडात असं घुसणं चालत नाही. तिथे जुनी नोंद दोन तुकडे जोडून बाहेरून पुन्हा उभी करावी लागते. टीईआयमध्ये त्याचीही सोय आहे, पण सरांना ती समजावणं आणि त्यांनी ती तपासणं दोन्ही जड गेलं. अशा मोजक्या जागी आम्ही संपादकीय टीप लिहून दोन्ही नव्या नोंदींकडे बोट दाखवलं.

जुन्या दुव्यांचं काय करायचं

नवी पद्धत पुढच्यांसाठी झाली. पण मोजणीचे दुवे आधीच फिरत होते: व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्जात, एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या तळटिपांत. त्या दुव्यावर ‘सातवा’ एवढंच लिहिलेलं. कुठल्या दिवशीच्या प्रतीतला सातवा, हे कुठेच नाही.

इंजिनीअरने जुन्या फाइली शोधून काढल्या. काही त्याच्या लॅपटॉपवर होत्या, काही सरांना तपासायला पाठवलेल्या ईमेलच्या जोडपत्रांत. त्यांवरून कोष्टक बनवलं: प्रत्येक जुना दुवा कुठल्या प्रतीत कुठल्या नोंदीवर जात होता. बहुतेक दुवे सगळ्या प्रतींत एकाच नोंदीवर जात होते. ते सरळ नव्या आयडीकडे वळवले.

उरलेले दुवे दोन किंवा तीन नोंदींवर जात होते. इंजिनीअरचं म्हणणं, सर्वांत जुन्या प्रतीचा अर्थ धरावा, कारण दुवे तेव्हाच जास्त वाटले गेले. ग्रंथपाल बाईंनी ते ठाम नाकारलं. त्यांच्या मते, देणाऱ्याच्या मनात काय होतं हे आपल्याला माहीत नसताना आपण ते ठरवायचं नाही. आधीच आपल्यावर नोंद फिरवल्याचा आळ आला आहे. म्हणून असा दुवा उघडला की नोंद दिसत नाही, एक पान दिसतं. हा दुवा अमुक काळात या नोंदीकडे आणि नंतर त्या नोंदीकडे नेत होता, असं त्यावर लिहून दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवलेल्या. निवड वाचणाऱ्याची. या सगळ्या प्रकरणात माझ्या दृष्टीने हा सर्वांत चांगला निर्णय, आणि तो तांत्रिक माणसाचा नव्हता.

अंमलबजावणी आणि परिणाम

काम मिरगापासून नवरात्रापर्यंत चाललं. आधी सगळे ‘ऱ्या’ एकसारखे केले, मग आयडी घातले. हा क्रम महत्त्वाचा होता, कारण जुन्या-नव्या प्रती ताडून पाहताना न दिसणारे फरक आड आले असते. प्रसिद्ध झालेली प्रत्येक प्रत आता तारखेसह जपली जाते, आणि फाइलच्या शीर्षभागात कुणी कुठली नोंद का बदलली याची यादी ठेवली जाते. दुव्याच्या बटणातून आता तीन गोष्टी एकत्र मिळतात: आयडीचा पत्ता, पान-ओळ, आणि नोंदीचे पहिले काही शब्द. पत्ता पुढेमागे बिघडला तरी छापील कागदावर माणसाला पडताळायला शब्द हाती असतात.

पालखीच्या बाबतीत वाचनालयाने दोन्ही सालांच्या नोंदी, मूळ पानांच्या फोटोंसह आणि सुतकाच्या वाक्यासह, छापून दोन्ही वाड्यांना दिल्या. सोबत दुवा का सरकला याचा एक पानी खुलासा. मान कुणाचा, यावर वाचनालय एक शब्द बोललं नाही. ते गावकीने बैठकीत आपलं आपण ठरवलं. स्क्रीनशॉट बनावट नव्हता आणि वहीही कुणी फिरवली नव्हती, एवढं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. खालच्या वाडीतल्या एका वयस्क गृहस्थांनी नंतर स्वतःच्या घरातली काही मोडी पत्रं वाचनालयाला आणून दिली.

वेगळं काय करता आलं असतं

आयडी पहिली प्रत प्रसिद्ध होण्याआधी द्यायला हवे होते. तेव्हा ते काम जवळजवळ फुकट झालं असतं. नंतर त्याला पावसाळा गेला. मोजणीचा दुवा आतल्या कामाला चालतो. पण तो लोकांच्या हाती द्यायचा तर त्याच्यासोबत प्रतीची तारीख हवीच. एवढी तारीख असती तरी दोन वाड्यांच्या हाती एकच नोंद पडली असती.

जुन्या फाइली सापडल्या हा योग होता. ईमेलच्या पेटीवर विसंबून राहण्याऐवजी प्रत्येक प्रसिद्ध प्रत पहिल्या दिवसापासून एका जागी ठेवायला कुठल्याही वाचनालयाला फार खर्च येत नाही.

टंकलेखनाआधी दोघींचे कीबोर्ड एक करणं हे अर्ध्या तासाचं काम होतं. मराठीत मजकूर चिन्हांकित करणाऱ्या प्रत्येकाने आधी ‘ऱ्या’ तपासावा, असं मी आता आवर्जून सांगते.

नोंदीच्या आतल्या एखाद्या वाक्याकडे बोट दाखवण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. देवस्थानखर्चाच्या विभागात, जिथे लोक एकेका वाक्यावर वाद घालतात, तिथे आम्ही वाक्यांनाही स्वतंत्र खुणा आणि आयडी दिले. सुतकाच्या वाक्याला पहिला मिळाला. वसुलाच्या पानांना तेवढी गरज नाही आणि तेवढे हातही नाहीत. दुसरी मागणी फोटोतल्या जागेची आहे: वाचन पटलं नाही तर मूळ अक्षरांवर थेट जाता यावं. टीईआयमध्ये पानाच्या चित्रावर चौकट आखून ती मजकुराशी जोडता येते. सरांच्या शंका असलेल्या जागांपासून ते काम सुरू केलं आहे. दुसऱ्या शाखेकडची सुटी पानं हाती आली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येक नोंदीला वाचनाच्या पहिल्या मसुद्यातच आयडी पडतो आहे, पान कुठे बसतं ते ठरण्याच्याही आधी.